सानरिकु रेल्वे: आधी गावकऱ्यांची, मग पाहुण्यांची

जपानच्या ईशान्येला इवाते प्रांताच्या किनाऱ्याने धावणारी सानरिकु रेल्वे ही तशी लहानशीच कंपनी. एक-दोन डब्यांच्या डिझेल गाड्या, एकेरी रूळ, डोक्यावर विजेच्या तारा नाहीत, बऱ्याच स्थानकांवर कर्मचारीही नाही. तरीही, आपत्तीनंतर एखादा प्रदेश कसा सावरतो आणि त्यात पर्यटनाचा वाटा नेमका किती, हे समजून घ्यायला मला याहून बोलकं प्रकरण माहीत नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर या रेल्वेने केलेल्या गोष्टींपेक्षा त्या कोणत्या क्रमाने केल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिने आधी गावकऱ्यांसाठी गाडी सोडली आणि पाहुण्यांना नंतर बोलावलं. पुढचं बरंचसं या क्रमामुळेच जमलं, असं माझं मत आहे.

किनारा आणि कंपनी

सानरिकुचा किनारा दंतुर आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतात, मधल्या अरुंद खाड्यांच्या तोंडाशी मासेमारीची गावं बसलेली. खाडी आत जाईल तशी चिंचोळी होते, म्हणून आत शिरलेली लाट चढत जाते. १८९६ च्या त्सुनामीत या किनाऱ्यावर सुमारे २२ हजार माणसं गेली, १९३३ च्या त्सुनामीत सुमारे ३ हजार. इथल्या घराघरांत आजोबा-पणजोबांच्या गोष्टींत लाट असतेच.

अशा प्रदेशात रेल्वे आणणं मुळातच खर्चाचं. बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. राष्ट्रीय रेल्वेने तोट्यातले मार्ग सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा इवाते प्रांत, किनाऱ्यावरच्या नगरपालिका आणि खासगी भागीदार यांनी मिळून कंपनी काढली आणि १ एप्रिल १९८४ रोजी गाड्या सुरू केल्या. राष्ट्रीय रेल्वेचे मार्ग अशा भागीदारीत चालवायला घेणारी जपानमधली ही पहिलीच कंपनी. पण तिच्या वाट्याला सलग मार्ग आला नाही, दोन तुकडे आले. उत्तरेला मियाको ते कुजी ७१ किलोमीटर, दक्षिणेला साकारी ते कामाइशी ३६.६ किलोमीटर. मधला मियाको ते कामाइशी हा ५५.४ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय रेल्वेकडे आणि पुढे तिच्या खासगीकरणातून निघालेल्या जेआर ईस्ट कंपनीकडे राहिला. हा मधला पट्टा पुढे या गोष्टीत फार महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या वर्षी सुमारे २६ लाख ९० हजार प्रवासी मिळाले. पहिली दहा वर्षं कंपनी नफ्यात होती. मग तरुण शहरांकडे गेले, उरलेल्यांकडे मोटारी आल्या, शाळांत मुलं कमी झाली. २०१० च्या सुमारास प्रवासी वर्षाला साडेआठ लाखांवर आले होते. कंपनी आपल्याच तोट्याच्या नावाने 'तोटा सेन्बेई' म्हणून कुरकुरीत बिस्किटं विकायची आणि ती खपायचीही. म्हणजे त्सुनामी आली तेव्हा ही रेल्वे आधीच अडचणीत होती. ती तिथेच बंद केली असती, तर हिशेब तपासणाऱ्या कुणीही मान डोलावली असती.

पाच दिवस

११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. नियंत्रण कक्षाने गाड्या थांबवण्याचा आदेश दिला. उत्तरेच्या मार्गावर एक गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उंचावर थांबली, दक्षिणेची एक कुवादाइ बोगद्यात. दोन्हींतले प्रवासी वाचले. साकारीच्या डेपोत उभे असलेले तीन डबे मात्र खाऱ्या पाण्यात बुडून निकामी झाले. दक्षिण मार्गाकडे बोगद्यातला तो एकच डबा शाबूत उरला. संपूर्ण जपानमध्ये मिळून १८ हजारांहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. त्यांतली पावणेसहा हजारांहून अधिक एकट्या इवातेतली.

मियाकोतल्या मुख्य कार्यालयात वीज नव्हती. पण स्थानकावर एक डिझेल डबा उभा होता. इंजिन चालू ठेवलं की त्यात दिवे लागत, हीटर चाले. मार्चमध्ये तिथे हाडं गोठवणारी थंडी असते. अध्यक्ष मोचिझुकी मासाहिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डब्यालाच आपत्ती कक्ष केलं. एक फळा आत नेऊन ठेवला आणि कोणत्या भागाचं काय झालं ते त्यावर लिहायला सुरुवात केली.

१३ तारखेला मोचिझुकी स्वतः मार्ग पाहायला निघाले. मियाकोच्या उत्तरेला, ताऱो या किनाऱ्यावरच्या गावाजवळ त्यांना रुळांवरून चालणारी माणसं दिसली. रस्ते मोडक्या घरांखाली आणि गाळाखाली गेले होते. भरावावरचे रूळ तेवढे मोकळे, म्हणून कुणी नातेवाइकांना शोधायला, कुणी हाताला लागलेलं सामान घेऊन त्यावरून चालले होते. रेल्वे चालत नसली तरी लोक तिचा रस्ता वापरतच होते. जिथे शक्य असेल तिथे ताबडतोब गाडी सोडायची, असं ठरलं ते या पाहणीतून.

१६ मार्चला कुजी ते रिकुचु-नोदा हा जेमतेम ११ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. २० ला मियाको ते ताऱो, २९ ला ताऱो ते ओमोतो. सिग्नल चालत नव्हते, फाटकं चालत नव्हती, म्हणून गाडी हळूहळू, भोंगा वाजवत जायची. मार्च संपेपर्यंत तिकीट घेतलं नाही. आत बसलेली माणसं दवाखान्यात, सरकारी कचेरीत, निवारा केंद्रांत आप्तांना शोधायला जात होती. पेट्रोल मिळत नव्हतं आणि मोटारी वाहून गेल्या होत्या, तेव्हा गाडी सोडणं ही निव्वळ गरज होती. पुढे याच गाडीला देशभर आशेचं प्रतीक वगैरे म्हटलं गेलं. ते खोटं नाही, पण लोक तिच्यात चढले ते दवाखाना गाठायला.

पैसा कुठून आला

नुकसान ३१७ ठिकाणी झालं होतं. पूल वाहून गेले, भराव खचले, स्थानकं पुसली गेली. कायद्याप्रमाणे अशा वेळी केंद्र एक चतुर्थांश खर्च उचलतं, स्थानिक शासन एक चतुर्थांश, आणि उरलेला निम्मा कंपनीच्या माथी येतो. सानरिकु रेल्वेला तो निम्मा भार उचलणं कधीच शक्य नव्हतं. म्हणून वेगळी वाट काढली. पुन्हा उभारलेल्या वास्तू स्थानिक शासनांच्या मालकीच्या करायच्या, निम्मा खर्च केंद्राने द्यायचा आणि स्थानिकांच्या निम्म्या वाट्यासाठीही केंद्रानेच विशेष अनुदान द्यायचं. एकूण सुमारे ९ अब्ज १० कोटी येन लागले. धाडसी निर्णयाच्या कथा सांगताना हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मला ते खटकतं. पाचव्या दिवशी सुटलेली गाडी हे कर्मचाऱ्यांचं कर्तृत्व होतं, पण तीन वर्षांत पूर्ण झालेला मार्ग हा सरकारी तिजोरी उघडल्याचा परिणाम होता. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. पहिलीमुळे दुसरी मिळवणं सोपं गेलं, हेही तितकंच खरं. जी गाडी चालू आहे ती तोडा म्हणणं राजकारण्यांना अवघड जातं.

मदत दूरवरूनही आली. कुवेतने जपानला ५० लाख बॅरल कच्चं तेल दिलं, त्याच्या रकमेतला काही भाग इथल्या नव्या डब्यांसाठी वापरला गेला. त्या डब्यांवर कुवेतचं राजचिन्ह आहे आणि अरबी, इंग्रजी, जपानी अशा तीन भाषांत आभाराचा मजकूर. कंपनीने त्सुनामीत वाकलेल्या रुळांचे तुकडे कापून विकले. किटकॅटच्या कंपनीने तर अशी पाकिटं काढली की जी दाखवून या रेल्वेत प्रवास करता येई.

मार्ग टप्प्याटप्प्याने जुळत गेला. एप्रिल २०१२ मध्ये नोदा ते तानोहाता, एप्रिल २०१३ मध्ये साकारी ते योशिहामा. ५ एप्रिल २०१४ ला दक्षिण मार्ग पूर्ण झाला आणि ६ एप्रिलला उत्तर मार्ग.

शिमानोकोशी

६ एप्रिलला जो शेवटचा तुकडा जोडला गेला, त्यातच शिमानोकोशी हे स्थानक येतं. तानोहाता गावातली छोटी खाडी. आधी इथे उंच खांबांवरून रूळ जायचे आणि खाली घुमटाच्या छपराची टुमदार इमारत होती. लाटेने पूल, खांब, इमारत सगळं नेलं. उरल्या त्या जिन्याच्या काही पायऱ्या आणि इवातेच्याच एका कवीच्या ओळी कोरलेली शिळा. नव्या आराखड्यात अभियंत्यांनी खांबांचा पूल पुन्हा उभारला नाही. त्या जागी मातीचा रुंद, भक्कम भराव घातला. त्यावरून रूळ जातात आणि पुढे लाट आलीच तर तो आतल्या बाजूसाठी बांध म्हणूनही काम करतो. स्थानक थोडं सरकवून बांधलं. जुन्या पायऱ्या आणि शिळा जिथल्या तिथे ठेवल्या आहेत. आज गाडीतून उतरणारा माणूस आधी भराव पाहतो, मग त्या कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या, आणि लाट कुठवर आली असेल हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

इथून उत्तरेला काही स्थानकं गेलं की फुदाइ. इथल्या नदीवर समुद्राच्या बाजूला १५.५ मीटर उंचीचं, लाट अडवणारं दार आहे. वामुरा कोतोकु हे गृहस्थ १९४७ पासून चाळीस वर्षं गावाचे प्रमुख होते. १८९६ ला लाट पंधरा मीटर चढली होती असं ते ऐकून होते आणि त्याहून कमी उंचीला ते तयार होईनात. एवढ्या छोट्या गावाला एवढी भिंत कशाला, म्हणून टीका झाली. दार १९८४ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी. २०११ ची लाट दारावरूनही ओसंडली, पण तिचा जोर तिथे मोडला. फुदाइत एक माणूस बेपत्ता झाला. दाराच्या आतली वस्ती वाचली.

पण भिंत असली की माणूस वाचतो, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. त्यासाठी ताऱो पाहावं. तिथे १९३३ नंतर बांधायला घेतलेली, पुढे वाढवत नेलेली जवळपास २.४ किलोमीटरची, १० मीटर उंच तटबंदी होती. लोक तिला चिनी भिंतीची उपमा देत. २०११ मध्ये लाट तिच्यावरून आली, एक बाजू तर फुटलीच, आणि सुमारे १८० माणसं गेली. भिंतीमुळे समुद्र दिसत नव्हता, म्हणून काहींना लाट येताना कळलीही नाही.

पाहुणे काय पाहायला येतात

ताऱोचं पर्यटन भूकंपाआधी मासे आणि समुद्र यांवर होतं. आता तिथे 'आपत्तीपासून बचाव शिका' अशा अर्थाच्या नावाचा मार्गदर्शित फेरफटका आहे. एप्रिल २०१२ पासून स्थानिक मार्गदर्शक पाहुण्यांना तटबंदीवर चढवतात आणि मग सहा मजली ताऱो कांको हॉटेलकडे नेतात. या इमारतीत पाणी चौथ्या मजल्यापर्यंत चढलं. खालच्या दोन मजल्यांच्या भिंती गेल्या, नुसते लोखंडी खांब उरले. इमारत तशीच जतन केली आहे. सहाव्या मजल्यावरून त्या दिवशी चित्रित झालेली लाट, पाहुण्यांना त्याच खोलीत, त्याच खिडकीसमोर बसवून दाखवतात. ती दुसरीकडे फिरवायची नाही, असं ठरलेलं आहे. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. ज्याला पाहायचंय त्याने तिथे यावं, जिना चढावा, आणि पाहून झाल्यावर खिडकीबाहेरचा आजचा ताऱो पाहावा.

रेल्वेनेही २०१२ पासून 'आपत्ती शिक्षण गाडी' सुरू केली. शाळांच्या सहली, कंपन्यांचे गट एक डबा आरक्षित करतात. रेल्वेचा कर्मचारी किंवा गावातला कुणी सोबत येतो आणि गाडी जाईल तसतसं सांगतो: इथे वस्ती होती, ही शाळा वर हलवली, त्या टेकडीवर आम्ही रात्र काढली. सांगणारा त्याच किनाऱ्यावर राहतो आणि उद्या त्याच गाडीने कामाला जाणार असतो. दुःखाचं प्रदर्शन मांडल्यासारखं वाटायचा धोका अशा उपक्रमांत असतोच. इथे तो टळला, कारण कथा सांगणारे आणि गाडी चालवणारे एकच राहिले.

सगळंच गंभीर ठेवलं असतं तर ही रेल्वे स्मारक होऊन बसली असती. तसं झालं नाही. हिवाळ्यात कोतात्सु गाडी निघते. बुटक्या मेजाखाली शेगडी, वर रजई, पाय आत घालून बसायचं. मध्येच बोगद्याच्या अंधारात नामोमी येतो, म्हणजे गवती झूल आणि राक्षसी मुखवटा घातलेला, आळशी माणसं शोधणारा गावदेव. लहान पोरं किंचाळतात, मोठी हसतात. होरिनाइजवळच्या ओसावा पुलावर गाडी मुद्दाम थांबते, समुद्र पाहून होईपर्यंत. कुजी स्थानकात भातावर उनीचा थर दिलेला डबा मिळतो. उनी म्हणजे काटेरी समुद्री जीवाचा केशरी गर, आणि भातही त्याच्याच रसात शिजवलेला. दिवसाला वीसेकच डबे होतात, त्यामुळे सकाळीच पोहोचावं लागतं.

२०१३ मध्ये एनएचके या जपानी वाहिनीच्या सकाळच्या मालिकेने कुजीच्या समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायका आणि ही रेल्वे घराघरांत पोहोचवली. कुजीत पर्यटकांची रीघ लागली. पण मालिकेमुळे येणारी गर्दी मालिका संपली की ओसरते. टिकून राहिलं ते शिकायला येणाऱ्यांचं आणि चालायला येणाऱ्यांचं येणं. मे २०१३ मध्ये या किनाऱ्यावर सानरिकु पुनर्बांधणी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि जून २०१९ मध्ये हाचिनोहे ते सोमा असा हजार किलोमीटरहून लांब मिचिनोकु किनारी पायवाट पूर्ण खुली झाली. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी जवळच्या स्थानकावरून गाडी पकडून मुक्कामाला जायचं, हे रेल्वेमुळेच शक्य होतं.

मधला पट्टा

आता तो ५५.४ किलोमीटरचा तुकडा. जेआर ईस्टने तो परत उभारण्याऐवजी रुळांच्या जागी खास बसमार्ग करायचा प्रस्ताव ठेवला. दक्षिणेला केसेन्नुमा आणि ओफुनातो मार्गांच्या बुडालेल्या भागांत तेच झालं. तिथे आता बस धावतात आणि २०२० मध्ये ते रूळ कागदोपत्रीही रद्द झाले. मियाको, यामादा, ओत्सुची, कामाइशी यांनी मात्र रेल्वेचाच आग्रह धरला. बरीच घासाघीस होऊन तोडगा निघाला: जेआर मार्ग दुरुस्त करील, तीन अब्ज येन देईल आणि मग तो सानरिकु रेल्वेकडे सोपवील. २३ मार्च २०१९ ला साकारी ते कुजी असा १६३ किलोमीटरचा सलग रिआस मार्ग सुरू झाला.

बस निवडणाऱ्या गावांचं चुकलं, असं म्हणायला मी तयार नाही. बस वारंवार सुटते. उंचावर नव्याने वसवलेल्या वस्तीत, नव्या इस्पितळाच्या दारात थांबा देता येतो. रूळ तसे वळवता येत नाहीत. पण बाहेरच्या प्रवाशाच्या नकाशावर बसमार्ग ठळक दिसत नाही आणि सलग रेल्वेमार्ग दिसतो. पर्यटनाच्या बाजूने पाहिलं तर सलग मार्गाचा फायदा निर्विवाद आहे.

मधल्या पट्ट्यात उनोसुमाइ स्थानक आहे. समोरच, जिथे आसऱ्याला गेलेली दीडशेहून अधिक माणसं बुडाली त्या इमारतीच्या जागी, आता प्रार्थना उद्यान आहे आणि जवळ एक छोटं संग्रहालय. ती इमारत त्सुनामीच्या वेळी आसरा घ्यायची जागा नव्हतीच. पण सरावाच्या वेळी सोयीचं म्हणून लोकांना तिथे जमवलं जायचं आणि खऱ्या वेळी लोक सवयीने तिथेच गेले. थोड्याच अंतरावर दोन शाळांची मुलं मात्र उंचावर पळत गेली, पहिली जागा सुरक्षित वाटेना तेव्हा आणखी वर गेली आणि वाचली. त्या शाळांच्या जागेवर स्टेडियम बांधलं आणि २५ सप्टेंबर २०१९ ला तिथे रग्बी विश्वचषकाचा फिजी विरुद्ध उरुग्वे सामना झाला.

तीनच आठवड्यांत हागिबिस वादळ आलं. १३ ऑक्टोबरचा नामिबिया-कॅनडा सामना रद्द झाला आणि कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन कामाइशीच्या रस्त्यांवरचा गाळ काढायला गेले. नवा मार्ग सुरू होऊन सात महिनेही झाले नव्हते आणि त्याचा सुमारे ७० टक्के भाग बंद पडला. या वेळी समुद्राने नव्हे, डोंगराने मार्ग मोडला: दरडी आणि ओढे. २० मार्च २०२० ला मार्ग पुन्हा पूर्ण झाला. दोन दिवसांनी ऑलिंपिकची ज्योत या गाडीतून मियाकोहून कामाइशीला गेली आणि पाठोपाठ कोरोनामुळे प्रवास थांबला.

आजची स्थिती आणि जायचं कसं

आर्थिक अडचण मिटलेली नाही. ओत्सुचीची लोकसंख्या २०१० मध्ये १५ हजारांवर होती, २०२० मध्ये ११ हजारांवर आली. डिसेंबर २०२१ मध्ये सेंदाइ ते हाचिनोहे हा ३५९ किलोमीटरचा सानरिकु किनारी द्रुतगती रस्ता पूर्ण झाला आणि तो जवळपास सगळा टोलमुक्त आहे. पुनर्बांधणीच्याच पैशाने उभा राहिलेला हा रस्ता रेल्वेचे प्रवासी नेतो. आपत्तीत हाच रस्ता रुग्णवाहिकांना लागेल, त्यामुळे तो नको असंही म्हणता येत नाही. पाहुण्यांच्या तिकिटांवर ही रेल्वे नफ्यात येईल, असं मला वाटत नाही. शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी प्रांत आणि नगरपालिका तिला पैसा देत राहतील तोवर ती चालेल. पाहुण्यांमुळे तो पैसा देणं मतदारांना पटवायला मदत होते. या प्रकरणात पर्यटनाची खरी भूमिका मला एवढीच दिसते आणि ती कमी नाही.

मराठी प्रवाशांच्या जपान सहली बहुधा टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका, हिरोशिमा अशाच आखलेल्या असतात. तीन दिवस काढता आले तर टोकियोहून शिनकान्सेनने हाचिनोहे, तिथून जेआरने कुजी आणि मग रिआस मार्गाने दक्षिणेला यावं. पहिला मुक्काम तानोहाता किंवा मियाकोत, दुसरा कामाइशीत. ताऱोचा फेरफटका आधी आरक्षित करावा लागतो. गाड्या थोड्या आहेत. एखाद्या स्थानकावर उतरलं तर पुढच्या गाडीला एक-दोन तास लागू शकतात, म्हणून वेळापत्रक हाताशी असू द्यावं. साकारीहून पुढे केसेन्नुमापर्यंत बस आहे आणि तिला जपान रेल पास चालतो. सानरिकु रेल्वेवर तो पास चालत नाही, तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि ते पैसे थेट तिलाच मिळतात.